येतेस का आमच्याकडे

खुदेजानं गमतीतच विचारलं होतं. बारशाची जेवणं उरकली होती, पेढ्यांचा डबा दोनदा फिरला होता, आणि निघता निघता, एका हातानं भिंतीचा आधार घेऊन चपलेत पाय सरकवताना तिनं मंगलाच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "काय गो, येतंस का आमच्याकडं?" आपल्या माणसांत हा प्रश्न कोणत्या मुलाला कुणी विचारला नसेल? त्याचं उत्तरसुद्धा ठरलेलं असतं. मूल लाजतं, जोरजोरात मान हलवतं, धावत जाऊन आईच्या पदरात तोंड खुपसतं आणि सगळे हसतात. विचारणारीला काही ते मूल न्यायचं नसतं. आईला मात्र चार लोकांदेखत ते पुन्हा एकदा मिळतं. मंगला म्हणाली, "हो." नुसतं म्हणून थांबली नाही. आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत जुन्या, जांभळ्या, प्लास्टिकच्या सँडल होत्या. तीन आठवड्यांपूर्वी येताना घातलेल्या, आधीच लहान झालेल्या, टाचा मागून बाहेर डोकावणाऱ्या. बारशाला आलेल्या किशोरीताईंनी तासाभरापूर्वी दिलेली बाहुली तिनं सोफ्यावर नीट बसवली. केसांतला नवा बो काढून बाहुलीशेजारी ठेवला. मग येऊन खुदेजाचं बोट धरलं आणि मान वर करून विचारलं, "जायचं?"

किशोरीताईंचे यजमान दयानंद मोठ्यानं हसले आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर खोकले. केयूर हातातला पाण्याचा जग तसाच धरून उभा राहिला. अश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात खिरीच्या वाट्या एकात एक घातलेल्या. तिच्या काळजात चर्र व्हायला हवं होतं. तसं झालंही, पण क्षणभरानं. त्याच्या आधीच्या क्षणाला जे झालं ते तिनं पुढं फक्त नवऱ्याला, केयूरला, सांगितलं, आणि तेही त्याच संध्याकाळी, धीर होता तोवर. त्या क्षणाला तिला हलकं वाटलं. बसमध्ये कितीतरी वेळ मांडीवर धरून बसलेली कुणाची तरी जड पिशवी ज्याची त्यानं उचलावी तसं. जाऊ दे, असं तिच्या मनात अगदी स्वच्छ शब्दांत आलं. जाऊ दे तिला. खुदेजाचं घर खालच्या मजल्यावर आहे, माणसं प्रेमळ आहेत, यजमान मुनीरभाई सूरच्या बंदरावरून ताजी मासळी आणतात, पोर खाऊनपिऊन सुखात राहील. एवढं सगळं एका क्षणात मनात येऊ शकतं यावर तिचा विश्वास बसला नसता. मग वाट्या हातात किणकिणल्या आणि ती भानावर आली.

तीन आठवडे. त्याआधीची चार वर्षं दत्तकाच्या यादीत नाव लावून काढलेली. दूतावासाच्या खेपा झाल्या, डॉक्टरांचे दाखले झाले. कुणीतरी घरी येऊन इथं आखातात, बौशरच्या त्या दोन खोल्यांत मूल कुठं झोपेल, खिडकीला जाळी आहे का, हे बघून गेलं. बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून त्या बाई काहीतरी लिहीत होत्या आणि काय लिहिलं असेल या चिंतेनं अश्लेषाला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग लातूरकडच्या एका शिशुगृहातून फोटो आला: पावणेचार वर्षांची, मंगळवारी सापडली म्हणून मंगला. पासपोर्टवर नवं नाव घालता आलं असतं. सासूबाईंनी, मीराबाईंनी, संगमेश्वराहून फोनवर नाक मुरडलंही, की हे काय म्हाताऱ्या बाईचं नाव. पण केयूर म्हणाला की तिच्याजवळ तिचं म्हणून तेवढंच आहे, ते कशाला काढून घ्या. अश्लेषाला तेव्हा नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता. मग केयूर आठवडाभरानं वाळवंटापलीकडच्या दुक्मला कामावर परत गेला, गुरुवारी संध्याकाळी यायचं, शनिवारी दुपारच्या कंपनीच्या बसनं जायचं, आणि घरात राहिल्या त्या दोघीच.

आणि मंगला अगदी शहाणी मुलगी होती. तिथंच तर सगळं अडलं होतं. लोक सांगत होते की पहिले काही महिने जड जातात, मुलं आरडाओरडा करतात, भिंतीवर डोकं आपटतात, अन्न फेकतात. अश्लेषानं पदर खोचून सगळ्याची तयारी केली होती. मंगलानं काहीच फेकलं नाही. ताटात पडेल ते खाल्लं आणि ताट उचलून मोरीजवळ नेऊन ठेवलं. रात्री काढलेला फ्रॉक घडी घालून उशाशी ठेवला. खेळण्यांच्या खोक्यातून एक लाकडी बदक काढलं, पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं आणि होतं त्याच जागी, चोच होती त्याच बाजूला करून ठेवलं. तीन आठवड्यांत तिनं अश्लेषाला कसलीच हाक मारली नव्हती. ती बोलायची ती परवानगी मागण्यापुरतं. बसू? घेऊ? पाणी पिऊ? झोपू? आणि हो म्हटलं की तेवढंच करायची. इथलं रहिवासी कार्ड काढण्याआधीच्या तपासणीत रक्त घेतलं तेव्हासुद्धा ती रडली नाही. अश्लेषा स्वतः एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन, सध्या रजेवर, पण चौदा वर्षं लहान मुलांच्या दंडाला रबर बांधून शीर शोधणारी. किती तऱ्हांनी मुलं रडतात ते तिच्याएवढं कुणाला ठाऊक नसेल. सुई आत जायच्या आधी रडणारी, नंतर रडणारी, आईकडे बघून रडणारी. मंगला सुईकडे बघत राहिली आणि कापूस दाबून धरायला सांगितल्यावर तिनं तो दुपारपर्यंत दाबून धरला होता, कारण सोड असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, किती गुणाची पोर, नशीब काढलंस. अश्लेषा हसायची. घरात येऊन दार लावलं की मात्र मनात एकच यायचं. आपण एका पाहुणीची उठबस करतो आहोत, चांगली करतो आहोत, आणि आत काहीच हलत नाही. दूध यायचं वय आणि शरीर तिच्या वाट्याला आलं नव्हतं, पण माया तरी यायला हवी होती. ती काही येत नव्हती. मंगळवारी दुपारी मंगला झोपली असताना तिनं शिशुगृहातल्या ताईंना मेसेज लिहायला घेतला, मला वाटतं आमच्याकडून चूक झाली, इतकं लिहिलं आणि पुसून टाकलं. केयूरला मात्र फोनवर म्हणाली की या शुक्रवारी पाहुणे गेले की मला तुझ्याशी बोलायचंय. काय बोलायचं ते तिनं मनात घोकून ठेवलं होतं. मला जमत नाही. तिला दुसरं चांगलं घर मिळेल.

दारात खुदेजा ओशाळली होती. बोट सोडवून घ्यावं तर पोर दुखावेल, न सोडवावं तर हे लांबेल. तिची निदा, नऊ वर्षांची, आईच्या मागून डोकावत म्हणाली, "मम्मी, शी इज सीरियस." ही तीच निदा, जिला अश्लेषानं किती वर्षं हाच प्रश्न विचारला होता. निदा तीन वर्षांची, चार वर्षांची, पाच वर्षांची. जिन्यात, लिफ्टमध्ये, ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन आली की. राहतेस का गं माझ्याकडे? आणि निदा किंचाळून खुदेजाच्या ओढणीत शिरायची, आणि खुदेजा हसायची, आणि अश्लेषाही हसायची. किशोरीताईंच्या मुलालाही विचारलं होतं. क्लिनिकमध्ये रक्त द्यायला आलेल्या अनोळखी मुलांनाही. गमतीचाच प्रश्न तो. पण विचारून झाल्यावर अश्लेषा त्या मुलाच्या तोंडाकडे एक श्वासभर जास्त बघत राहायची. एखादं तरी हो म्हणेल, असं तिला वाटायचं हे तिनं आजपर्यंत स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. म्हणणार कसं? ज्यांना जायला घर होतं ती मुलं होती ती. आणि आज एक मूल हो म्हणालं होतं, आणि ते तिच्याच घरातून निघालं होतं.

तिची नजर मंगलाच्या कपाळावर गेली. सकाळी लावलेलं कुंकू घामानं जरा पसरलं होतं, त्यावर अक्षतेचे दोन दाणे अजून चिकटलेले. नवा पिवळा फ्रॉक. हाताच्या मुठीत काहीतरी होतं. ते काय असणार हे अश्लेषाला न बघता कळलं, आणि त्याबरोबर तो दिवस जसाच्या तसा पुढं उभा राहिला. शिशुगृहाची फरशी नुकती पुसलेली, ओली. ताईंनी मंगलाला नवा फ्रॉक घातला होता, गुलाबी. कुंकू लावलं, ओवाळलं, पेढा भरवायला गेल्या तर तिनं तो हातात घेतला. बाकीची मुलं ओळीत बसली होती, प्रत्येकाला एकेक पेढा मिळाला, मग ताई म्हणाल्या, चला, मंगलाला टाटा करा, आणि सगळ्यांनी एकदम हात हलवले. केयूर व्हिडिओ काढत होता. कुणीतरी अश्लेषाला पुढं ढकललं आणि तिनं हसून खाली वाकून विचारलं होतं. काय विचारलं होतं? तिला ते आता शब्दन् शब्द आठवलं. येतेस ना आमच्याकडे? मंगला म्हणाली होती, हो. अश्लेषाचे डोळे भरून आले होते तेव्हा. तिला वाटलं होतं मुलीनं आपल्याला निवडलं. हैदराबादच्या विमानतळावर तिनं मंगलाची मूठ उघडली तर आत पेढ्याचा चिकट लगदा, आणि तिनं ओल्या रुमालानं तो पुसून टाकला होता. कितव्यांदा बघितलं असेल मंगलानं ते सगळं? दीड वर्षाची होती तेव्हापासून ती त्या ओळीत बसलेली. नवा फ्रॉक आला, कुंकू लागलं, पेढे वाटले, पाहुणे आले की ओळीतलं एक मूल जातं आणि परत येत नाही. आणि इथं सासूबाईंनी हट्ट धरला की घरात मूल आलंय ते चार लोकांना कळू दे, पाळण्यात मावायचं वय नसलं म्हणून काय झालं, पाटावर बसवून बारसं करा; आणि अश्लेषानं पाट मांडला, रांगोळी काढली, नवा फ्रॉक घातला, कुंकू लावून ओवाळलं, रुवीच्या बाजारातून मुद्दाम मागवलेले पेढे पोरीच्याच हातानं सगळ्यांना वाटायला लावले. सकाळपासून ते मूल निघायची तयारी करत होतं. रडलं नाही. विचारलं नाही. आपलं काय चुकलं, असंही विचारलं नाही. फक्त कोण न्यायला येतंय ते बघत होतं, आणि खुदेजानं ते सांगून टाकलं.

"नाही," अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की निदा दचकली. वाट्या तिनं कुठं ठेवल्या तिला आठवत नाही. एक फुटली हे नंतर झाडताना कळलं. तिनं जाऊन खुदेजाच्या बोटावरचा तो चिकट हात सोडवला, सोडवला म्हणजे ओढलाच, आणि पोरीला उचलून घेतलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिनं तिला न विचारता उचललं. "ती येणार नाही. कुणीही नेणार नाही तिला. तुम्ही जा आता." पाहुण्यांना असं दारातून घालवून देणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. किशोरीताईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला, दयानंदांनी मुकाट्यानं बूट घातले. खुदेजा निदाचा हात धरून जिन्याकडे वळली. मंगला कडेवर लाकडासारखी ताठ होती, पाय लोंबत होते, एक सँडल गळून पडली आणि ती तिच्याकडे वाकून बघत राहिली. अश्लेषाला माया वगैरे काही वाटली नाही. तिला राग आला होता, सणसणून, सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पण काहीतरी आत हललं होतं हे खरं.

संध्याकाळी अजून उजेड होता तोवर ती केयूरजवळ बाल्कनीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ठरवलेलं वाक्य सांगितलं, पुसलेला मेसेज सांगितला, तो हलकं वाटल्याचा क्षण सांगितला. ती थांबली तेव्हा समोरच्या मशिदीची अजान संपत आली होती. केयूरनं खाली पडलेला कपड्यांचा चिमटा उचलून दोरीला लावला. मग म्हणाला, "शनिवारी बसमध्ये बसलो ना, की मला बरं वाटतं. वाळवंट सुरू झालं की मी श्वास सोडतो. तुला कसं सांगणार होतो? तू तर एकटी करत होतीस सगळं." दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. आत मंगला पाटावर बसून होती, दाराकडे तोंड करून, दोन्ही सँडल घालून. केयूरला ती जुनी सँडल फेकून द्यावीशी वाटत होती. अश्लेषा म्हणाली, नको, तिची आहे. आणि मग, स्वतःलाच बजावल्यासारखं, "ती कुठं जाणार नाही, केयूर. जमो न जमो." हे बोलताना तिचा जीव भांड्यात वगैरे पडला नाही. उलट भीती वाटली, पाठीमागचं दार बंद झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी केयूरची बस निघून गेल्यावर खुदेजा आली. अश्लेषा माफी मागायला लागली तर तिनं हातानंच गप्प केलं, सांदणाचा डबा पुढं ठेवला आणि झालं ते सगळं विचारून घेतलं. शिशुगृह, ओळ, फ्रॉक, पेढे. ऐकताना तिनं ओढणीनं दोनदा डोळे पुसले आणि मग व्यवहाराला लागली. राजापूरकडची बाई ती, दहा माणसांच्या घरात वाढलेली, सगळ्यावर तोडगा काढणारी. "पाव्हना आला की पोर जाते, असाच तिनं बघितलाय ना?" ती म्हणाली. "मग आता मी रोज येतंय. च्या पितंय. आनी रोज एकटीच जातंय. बघू दे तिला."

आणि ती खरंच रोज आली. उतरत्या दुपारची, असरची नमाज झाली की बेल वाजायची. मंगलाला घड्याळ कळत नव्हतं तरी ती त्याआधी सँडल घालून दाराशी बसलेली असायची. खुदेजा चहा प्यायची, निदाच्या शाळेच्या कुरबुरी सांगायची, मुनीरभाईंना शिव्या घालायची, मग उठून मंगलासमोर उकिडवी बसून दर वेळी तेच सांगायची की मी घरी चालले, तू तुझ्या घरी राहा, उद्या येईन. तो प्रश्न मात्र तिनं पुन्हा तोंडातून काढला नाही. पहिल्या दिवशी मंगला उठली आणि तिनं बोट धरलं. खुदेजानं ते हळूच सोडवलं आणि गेली. मंगला बंद दाराकडे बघत उभी राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आपल्याला का ठेवून गेले असं कोडं तिला पडलं असावं. अश्लेषा तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मंगलानं बोट धरलं नाही, पण उभी राहिली. केयूर गुरुवारी आला आणि शनिवारी जाताना दारात उकिडवा बसून त्यानंही सांगितलं, मी एकटा चाललोय, गुरुवारी येणार, तू घरी राहा. त्या खेपेला म्हणे त्याला वाळवंट सुरू झाल्यावर बरं वाटलं नाही.

आठव्या दिवशी खुदेजा गेल्यावर मंगला लंगडते आहे हे अश्लेषाच्या लक्षात आलं. रोज तासन् तास ती घट्ट सँडल घालून बसल्यानं टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता. अश्लेषानं तिला मांडीवर घेतलं आणि सँडलचा पट्टा सोडवायला लागली. तो कातडीला चिकटला होता. तिच्या हाताला सवय होती, चौदा वर्षांची; तिनं एका झटक्यात तो काढला. मंगलानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ती रडली. आधी आवाजच आला नाही, मग आला, आणि आला तो असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. ती रडली, पाय झाडले, आणि अश्लेषानं औषधाचा कापूस लावला तेव्हा तिनं हात उगारून तिच्या थोबाडीत मारली. छोट्या, चिकट हाताची, पण चांगली सणसणीत. मग आपण काय केलं हे कळून ती जागच्या जागी थिजली आणि अश्लेषाच्या तोंडाकडे बघायला लागली, आता काय होतंय ते. अश्लेषाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. "मार," ती म्हणाली. "दुखलं ना? मार अजून." मंगलानं पुन्हा मारलं नाही. पण रडायची थांबलीही नाही. अश्लेषाच्या खांद्यात तोंड खुपसून अर्धा तास रडत राहिली, दोन-अडीच वर्षांचं सगळं एकदम, आणि अश्लेषाचा कुर्ता खांद्यापासून कोपरापर्यंत भिजला. टाचेला पट्टी लावल्यावर सँडल काही पायात जाईना. ती दाराशेजारी भिंतीला लावून ठेवली.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. खुदेजा आली, चहा झाला, पण त्या दिवशी तिला बोलायला बरंच होतं. निदाला मराठीचं पुस्तक वाचता येईना, मुनीरभाई म्हणत होते गावी पाठवू, ही म्हणत होती पोर माझ्याशिवाय राहील का. आणि अश्लेषानं दुसऱ्या कपाला आधण ठेवलं. मंगला सोफ्यावर अनवाणी बसून बाहुलीच्या टाचेला पट्टी लावत होती. ती उठली. चपलांच्या फळीकडे गेली, खुदेजाच्या दोन्ही चपला छातीशी धरून आणल्या आणि तिच्या पायांपुढं ठेवल्या, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं.

"जा तू आता," ती म्हणाली. "मी नाही येत."

तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. खुदेजा तोंडाला ओढणी लावून उठली, चपलेत पाय घातले आणि मागं न बघता जिन्याकडे गेली. मंगलानं दोन्ही हातांनी दार लोटलं. ते जड होतं, तिला खांदा लावावा लागला. मग टाचा उंचावून वरच्या कडीकडे हात नेला, तो पुरेना. स्वयंपाकघरात चहा उतू चालला होता आणि अश्लेषा जागची हलली नव्हती. मंगला वळली, तिच्याकडे बघून कपाळाला आठी घातली आणि पहिल्यांदाच, काही न विचारता, म्हणाली, "कडी लाव."